उन्हाशी झुंजणारे पीक आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे

एप्रिल लागला की काटोल परिसरातल्या भाजीपाल्याच्या वावरात एक दृश्य दरवर्षी दिसते. टोमॅटोचे झाड हिरवेगार असते. पाणी वेळेवर दिलेले असते, खतातही कसूर नसते. झाड पिवळ्या फुलांनी भरून जाते आणि आठवड्याभरात तीच फुले देठापासून सुटून मातीत पडतात. फळ धरतच नाही. धरले तरी ते लहान राहते, उन्हाच्या बाजूने भाजल्यासारखे पांढरे पडते किंवा लाल होण्याऐवजी पिवळट नारिंगी राहते. ज्याला नागपूरकडे भेदरं म्हणतात, त्या फळाचा भाव उन्हाळ्याच्या शेवटी चढतो, त्यामागे ही फुलगळही असते.

झाड आजारी नसते. त्याला ऊन लागलेले असते, आणि ते सर्वांत आधी लागते परागकणांना. टोमॅटोला दिवसा साधारण 21 ते 29 अंश सेल्सिअस आणि रात्री 15 ते 20 अंश तापमान मानवते. दिवसाचा पारा 35 च्या पुढे गेला आणि रात्रही गार होईनाशी झाली की पराग नीट तयार होत नाहीत, झाले तरी रुजत नाहीत. फुलातला स्त्रीकेसर लांबून परागकोशाच्या बाहेर डोकावतो आणि जवळच असलेला परागही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यातली मेख अशी की हे नुकसान फूल उमलण्याच्या दिवशी होत नाही. ते आठ-दहा दिवस आधी, कळी अगदी लहान असतानाच झालेले असते. म्हणून फुले गळू लागल्यावर धावपळ करून फवारलेल्या बाटलीतल्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

मग पिकाला ऊन, पाण्याचा ताण, थंडी सोसायला शिकवायचे तरी कसे? वर्ध्यात जन्मलेल्या एका माणसाने आयुष्यातली सुमारे तीन दशके याच जातीच्या प्रश्नांना दिली. टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिम अंगाला उगवतात, पण त्याला शेतात आणून मोठे केले ते मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी. टोमॅटो हा शब्दही तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आलेला आहे. वर्ध्याचा तो माणूस याच मेक्सिकोत शास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आला. त्याचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्यांचे मुख्य काम मका आणि गव्हावर होते, टोमॅटोवर नव्हे. पण पिकाच्या सहनशक्तीचा त्यांनी धरलेला मार्ग आजही कोणत्याही पिकाला लागू पडतो.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातला. बालपण वर्ध्यात गेले, पुढचे शिक्षण नागपुरात झाले. त्यांच्या शाळकरी वयात मध्य प्रांताने लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पाहिले, 1896-97 चा आणि 1899-1900 चा. पाऊस हुकला की पीक जाते, पीक गेले की माणूस जातो, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. उपाशी शरीराला कॉलरा आणि हगवण कशी पटकन गाठतात, तेही त्या वर्षांत मध्य प्रांतातल्या गावागावांनी पाहिले. शेतातले बियाणे आणि माणसाचे आरोग्य यांत अंतर फार नसते.

तरुण खानखोजेंच्या डोक्यात मात्र आधी शेती नव्हती, स्वातंत्र्य होते. फ्रेंच राज्यक्रांती आणि अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा यांनी ते भारले होते. लोकमान्य टिळकांना भेटून त्यांनी मार्गदर्शन घेतले आणि परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घेण्याचे ठरवले. आधी जपान, मग अमेरिका असा प्रवास झाला. तिथे त्यांनी शेतीशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातले आणि कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायस या लष्करी शाळेतही प्रवेश घेतला. पुढे ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत त्यांचे शिक्षण झाले. एकाच वेळी बंदूक आणि नांगर शिकणारा हा विद्यार्थी सुट्टीत मजुरांमध्ये मिसळत असे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर त्याला तिथे भेटले. मेक्सिकन मजूरही भेटले. 1910 मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली होती आणि जमीन कसणाऱ्याच्या मालकीची असावी ही तिची एक मुख्य मागणी होती. ती गोष्ट खानखोजेंच्या मनात घर करून राहिली.

1913 मध्ये अमेरिकेतील भारतीयांनी गदर चळवळ उभी केली. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना, कर्तारसिंग सराभा यांच्या बरोबरीने खानखोजे तिच्या उभारणीत होते आणि लष्करी तयारीची बाजू त्यांच्याकडे होती. पहिले महायुद्ध सुरू झाले तसे ते तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये उतरले. ब्रिटिशांच्या फौजेतल्या भारतीय शिपायांना फोडून बलुचिस्तानच्या वाटेने हिंदुस्थानात शिरायचे, असा बेत होता. तो तडीस गेला नाही. खानखोजे लढले, पकडले गेले, निसटले. युद्ध संपल्यावर बर्लिन आणि मॉस्को इथल्या भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात ते काही वर्षे वावरले. मायदेशाची दारे बंद होती. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि युरोपातही अटकेची भीती होती. शेवटी 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. हातात शेतीची पदवी होती आणि मेक्सिकन क्रांतीतल्या माणसांशी जुनी ओळख होती. सुरुवातीला नोकरी मिळवतानाही ओढाताण झाली. मग चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली.

मेक्सिको सिटीजवळचे चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे 2,250 मीटर उंचीवर आहे. तिथे पावसाचा भरवसा नाही, कोरडे दिवस लांबतात आणि हिवाळ्याच्या रात्री दहिवर गोठून पिके करपतात. मोठ्या बागायतदाराला विहीर-कालव्याचा आधार असे, क्रांतीनंतर नुकतीच जमीन हाती आलेल्या लहान शेतकऱ्याकडे फक्त आभाळ होते. या शेतकऱ्याच्या वावरात टिकेल असे बियाणे हवे होते. खानखोजेंनी मका, गहू, डाळी अशा पिकांवर काम केले आणि दुष्काळ व थंडी सोसणारे वाण तयार करण्याच्या मागे लागले.

याची रीत समजून घेण्यासारखी आहे. झाडाला सवयीने किंवा खुराकाने मिळणारी ताकद त्या झाडापुरती असते. बियाण्यातून पुढे जाते ती फक्त उपजत ताकद. म्हणून प्रतिकूल परिस्थितीत हजारो रोपे वाढू द्यायची, त्यातली जी तग धरतील त्यांचेच बी राखायचे, पुन्हा तशाच परिस्थितीत पेरायचे आणि चांगल्या उत्पन्नाच्या वाणाशी त्यांचा संकर करायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. दुसरा आधार म्हणजे पिकाचे जुने आणि रानटी नातेवाईक. मक्याचा पूर्वज असलेले तेओसिंते हे गवत मेक्सिकोतच उगवते आणि तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याचे नाना रंगाचे, नाना आकारांचे गावरान वाण जपले होते. खानखोजेंनी या वैविध्यात रस घेतला. बोटांसारखे फाटे फुटलेले कणीस येणाऱ्या मक्यावर त्यांनी बारकाईने काम करून लिहिले. वर्षानुवर्षे कष्ट सोसलेल्या गावरान झाडात असे काही असते जे लाडाने वाढवलेल्या झाडात उरलेले नसते, हा या अभ्यासाचा पाया होता.

टोमॅटोच्या बाबतीत जगभरचे शास्त्रज्ञ आज हेच करतात. आपण खातो तो टोमॅटो मोठ्या, लाल, गरयुक्त फळासाठी निवडत आणला गेला. त्या निवडीत सहनशक्तीचे बरेच गुण मागे राहिले. वाटाण्याएवढी फळे देणारा रानटी टोमॅटो, पेरूच्या कोरड्या उतारांवर जेमतेम ओलाव्यावर जगणारा त्याचा दुसरा भाऊ, गालापागोस बेटांवर खाऱ्या वाऱ्यात उगवणारा तिसरा, यांच्याशी संकर करून ते गुण परत आणण्याचा प्रयत्न चालू आहे.

उन्हात पेशीच्या आत काय घडते, हे खानखोजेंच्या उमेदीच्या काळात कोणालाच ठाऊक नव्हते. 1962 मध्ये इटलीच्या फेरुचिओ रितोसा यांनी फळमाशीच्या पेशींना चुकून जास्त उष्णता मिळाल्यावर काही जनुके एकाएकी जागी होतात, हे दाखवले. त्यातून पुढे उष्माघात-प्रथिनांचा शोध लागला. उष्णतेने पेशीतली प्रथिने उकडलेल्या अंड्यासारखी आपला आकार सोडू लागतात. ही रक्षक प्रथिने त्यांना धरून ठेवतात, पुन्हा नीट घडी घालतात आणि जी बिघडली ती बाजूला काढतात. ही यंत्रणा टोमॅटोत आहे, फळमाशीत आहे आणि माणसातही आहे. थोडी उष्णता आधी सोसलेली पेशी नंतरची जास्त उष्णता अधिक चांगली पेलते, हेही तिन्ही ठिकाणी खरे आहे.

म्हणूनच रोपवाटिकेतून थेट तापलेल्या वावरात नेलेले रोप कोलमडते आणि लावणीआधी आठ-दहा दिवस हळूहळू उन्हात ठेवून, पाणी जरा कमी करून काटक केलेले रोप उभे राहते. माणसाचेही असेच आहे. उन्हात काम करण्याची सवय शरीराला व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण उतरतो. उन्हातल्या कामाने दगावणाऱ्यांत कामावर नव्याने आलेले किंवा सुट्टीनंतर परतलेले मजूर जास्त असतात, त्याचे कारण हेच. पण सवयीला मर्यादा आहे. टोमॅटोला आहे तशी मजुरालाही आहे.

खानखोजेंचे दुसरे मोठे काम प्रयोगशाळेबाहेरचे. चांगले वाण विद्यालयाच्या प्रयोग-शेतात राहिले तर त्याचा उपयोग काय, असा त्यांचा विचार होता. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा शेतकऱ्यांना बियाणे निवडणे, माती राखणे, संकर करणे शिकवले जाऊ लागले. छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी या शाळांची आणि खानखोजेंच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिवेरा हे त्यांचे स्नेही. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरांनी रंगवलेल्या एका भित्तिचित्रात मेजाभोवती बसलेल्यांना भाकरी मोडून देणारा जो माणूस दिसतो, तो खानखोजेंचा चेहरा असल्याचे सांगितले जाते. 1936 मध्ये त्यांनी जीन या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या, त्यातल्या एकीचे नाव सावित्री.

या शाळांत शिकवणारे शिकतही असत. मेक्सिकोचा शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात लावतो. मक्याचे ताट घेवड्याला आधार देते, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची रुंद पाने माती झाकून तिचा ओलावा राखतात. आपल्याकडेही ही जाण आहे. रामटेकच्या पानमळ्यात नागवेलीला शेवरी-पांगाऱ्याची सावली देतात ती काही हौस म्हणून नाही. नाजूक पिकाला विदर्भाच्या उन्हात जगवण्याची ती जुनी युक्ती आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा खानखोजे साठी ओलांडून गेले होते. परतीचा अर्ज केला तर ब्रिटिशांच्या जुन्या काळ्या यादीतले नाव आडवे आले. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडले, त्याच स्वतंत्र देशात शिरायला त्यांना खटपट करावी लागली. 1949 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या बोलावण्यावरून ते नागपूरला आले. नागपूर त्या वेळी राजधानी होती आणि शेतीच्या धोरणासाठी त्यांच्या अनुभवाचा उपयोग व्हावा अशी कल्पना होती. पुढे 1950 च्या दशकात ते कायमचे नागपुरात स्थायिक झाले. मेक्सिकोत मान मिळालेल्या या शास्त्रज्ञाला इथे मात्र ना मोठी प्रयोगशाळा मिळाली ना विस्तीर्ण प्रयोग-शेत. बियाणे निवडत जाण्याच्या कामाला सलग वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे आता त्यांच्याकडे नव्हती.

दरम्यान मेक्सिकोत, चापिंगोच्याच परिसरात, 1940 च्या दशकात नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हाचे काम सुरू केले होते. तांबेऱ्याला दाद न देणारे, बुटके, भरघोस गहू त्यातून निघाले. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीची वाट मोकळी झाली. ज्या देशाच्या मातीत वर्ध्याच्या माणसाने आपली उमेदीची वर्षे पेरली होती, तिथून हे बी आले. त्यानंतर काही महिन्यांतच, 22 जानेवारी 1967 रोजी, खानखोजे यांचे नागपुरात निधन झाले. विदर्भाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात उभे राहिले ते त्यानंतर, 1969 मध्ये. काटोलला या विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांचा पुतळा उभारला गेला तो 2022 मध्ये.

काटोलच्या टोमॅटोकडे पुन्हा वळले तर खानखोजेंच्या कामातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, बियाणे. उन्हाळी लागवडीसाठी उष्णतेत फळ धरणारा वाण मागून घ्यावा. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात उत्तम आलेला वाण मे महिन्यात तसाच येईल असे नाही. फुले येण्याचा काळ मार्चअखेरीच्या आत बसेल अशी लावणीची तारीख ठेवली तर निम्मी लढाई तिथेच सोपी होते. दुसरी, रोपाची तयारी. लावणीआधी रोप काटक करून घ्यावे. वांग्याच्या मुळांवर टोमॅटोचे कलम केलेली रोपे उष्णता आणि साचलेले पाणी दोन्ही अधिक सोसतात.

तिसरी, वावराची तयारी. बुंध्याशी काडीकचऱ्याचे जाड आच्छादन घातले तर माती गार राहते. काळा प्लास्टिक कागद कडक उन्हात माती उलट तापवतो, तिथे वरून चंदेरी असलेला कागद बरा. ठिबकने सकाळी आणि बेताने पाणी द्यावे. कधी चिखल, कधी भेगा असे झाले की चुना झाडात असूनही फळापर्यंत पोहोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. पश्चिमेच्या बाजूने मक्याच्या दोन-तीन ओळी लावल्या तर दुपारनंतरच्या तिरप्या उन्हाची आणि लूची झळ अडते. परवडत असेल तर 35 ते 50 टक्के सावलीचे शेडनेट लावावे. नेटमध्ये वारा कमी असतो, म्हणून सकाळी फुलांचे झुबके हलकेच हलवावेत, म्हणजे पराग झडतो. उन्हाच्या दिवसांत युरियाचा मारा टाळावा. त्याने पाला वाढतो, फळ नाही.

टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन 30 ते 32 अंशांच्या पुढे नीट तयार होत नाही. म्हणून सावलीतले फळ रंगालाही चांगले येते आणि बाजारात भावालाही.

आणि या सगळ्या कामासाठी वावरात जो माणूस उभा असतो, त्याची काळजी झाडाइतकीच घ्यायला हवी. विदर्भात पारा 45 कडे झुकतो तेव्हा फवारणी, बांधणी, तोडणी ही कामे सकाळी दहाच्या आत किंवा सायंकाळी करावीत. कामावर नव्याने आलेल्याला पहिले आठ दिवस अर्धेच काम द्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, घाम फार जात असेल तर ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. कोणी उन्हात बरळू लागला, अडखळला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. त्याला गार करण्याचे काम मात्र रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नये, कारण या आजारात प्रत्येक मिनिटाची किंमत असते.